मॅच बघून आलात की त्याच रात्री एवढं करा

स्कोअर लिहून ठेवायची काहीच गरज नाही, स्कोअरकार्ड दहा वर्षांनीही नेटवर मिळतं. जे कुठेच मिळत नाही ते लिहा, म्हणजे स्टँड कुठला, रांग कुठली, सोबत कोण होतं, ऊन डोळ्यावर येत होतं का, आणि शेजारचे अनोळखी काका कोणाला शिव्या घालत होते. फोनच्या नोट्समध्ये चार ओळी, बास. पण त्याच रात्री हां, दोन दिवसांनी टीव्हीवरचे हायलाइट्स आणि आपण डोळ्यांनी पाहिलेलं यांची भेळ होते.

तिकिटाचं म्हणाल तर ते गुळगुळीत कागदाचं असेल तर तो बहुतेक थर्मल पेपर, म्हणजे उष्णतेने छपाई होणारा कागद असतो, त्यावरची अक्षरं हळूहळू उडून जातात, म्हणून आधी फोटो काढा, आणि प्लीज लॅमिनेट करू नका कारण त्या उष्णतेने अख्खं तिकीट काळं पडतं. मोबाईल तिकीट असेल तर मॅचच्या आधीच स्क्रीनशॉट घ्या, नंतर अ‍ॅपमधून गायब झालं तर बसा शोधत. गेटवर मात्र स्क्रीनशॉट चालेलच असं नाही, तो फक्त आठवणीसाठी. आणि क्यूआर कोड दिसणारा फोटो मॅचआधी स्टेटसला टाकू नका राव, कोणीतरी तोच वापरून आत जाईल.

मैदानाच्या नावापुढे तारीख टाकाच. लंडनचं जुनं वेम्बली स्टेडियम २००३ मध्ये पाडलं आणि २००७ मध्ये त्याच जागी नवं उघडलं, त्यामुळे नुसतं 'वेम्बली' लिहिलं तर नक्की कुठलं बघितलं ते कळायचं नाही.