ऑफिसच्या फ्रीजमध्ये डबा ठेवताय? या चुका टाळा

घरच्या फ्रीजचा हिशोब कुणातरी एकाच्या डोक्यात असतो. परवाची आमटी आज संपवायची, विरजण अजून लागलेलं नाही, मागच्या पातेल्याला हात लावायचा नाही. ऑफिसच्या फ्रीजचा हिशोब कुणाच्याच डोक्यात नसतो, आणि तीस-चाळीस माणसं त्यात रोज काहीतरी कोंबत असतात. पुण्यातल्या वेगवेगळ्या ऑफिसांत पँट्रीचं हे लोढणं आपसूक माझ्या गळ्यात पडत आलंय. (एकदा फ्रीज पुसताना दिसलात की तो कायमचा तुमचा.) ऑफिस बदलतं, फ्रीजची कंपनी बदलते, चुका त्याच राहतात. नवीन जॉइन झालेला कुणीतरी पहिल्याच आठवड्यात एक्सेलमध्ये 'फ्रीज रोस्टर' बनवून सगळ्यांना पाठवतो, तेही ठरलेलंच. ते रोस्टर दुसऱ्या आठवड्यात मरतं. त्यापेक्षा पुढचं वाचा.

सोमवारी गार लागलं म्हणजे सुट्टीभर गार होतं, असं धरून चालणं

ही माझी आवडती चूक, कारण हिच्यात हुशार माणसंही सापडतात.

आधीच्या एका ऑफिसात दर सोमवारी सकाळचा पहिला चहा फाटायचा. शुक्रवारची उरलेली पिशवी पातेल्यात रिकामी केली, आधण आलं की दुधाच्या गुठळ्या. थंडीचे दिवस होते, म्हणून पिशवीत दूध वरवर ठीक दिसायचं. उन्हाळा असता तर पिशवीच फुगली असती आणि पहिल्याच सोमवारी उलगडा झाला असता. पहिला आळ दुधावर आला, मग दूध बदललं. दुसरा आळ पँट्रीतल्या मावशींवर, पातेलं नीट घासत नाहीत म्हणून. मावशी बिचाऱ्या दोन दोनदा घासायला लागल्या, तरी चहा फाटायचा थांबला नाही. मग मेकॅनिक बोलावला. तो आला सोमवारी दुपारी. आत हात घातला, "कूलिंग एक नंबर आहे साहेब" म्हणाला आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला. त्याचंही चुकलं नव्हतं, कूलिंग खरंच एक नंबर होतं. मंगळवार ते शुक्रवार कसलीच तक्रार नसायची. दरम्यान शुक्रवारच्या पार्टीतली उरलेली बिर्याणी सोमवारी मायक्रोवेव्ह करून खाल्लेल्या दोघांनी मंगळवारी पोट धरून सुट्टी टाकली. तेव्हाही बोट हॉटेलवाल्याकडेच गेलं.

सुगावा लागला तो मटारांमुळे. फ्रीझरमध्ये कुणीतरी ठेवलेल्या पिशवीतले सुटे मटार एका मंगळवारी विटेसारखे एकसंध झालेले दिसले. मटार मध्ये कधीतरी विरघळल्याशिवाय आणि पुन्हा गोठल्याशिवाय असं होत नाही. मग स्टीलच्या वाटीत पाणी घालून बर्फ केला, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि शुक्रवारी घरी गेलो. सोमवारी सकाळी वाटीत वरवर पापुद्रा धरलेला, खाली पाणी आणि नाणं तळाशी.

ॲडमिनने वीजबिल कमी करायला एक सर्क्युलर काढलं होतं: सुट्टीत पँट्रीतलं सगळं बंद. सिक्युरिटीवाले मामा इमानेइतबारे शुक्रवारी रात्री आठला पँट्रीचा एमसीबी खाली पाडायचे आणि सोमवारी सकाळी सातला वर करायचे. म्हणजे 59 तास फ्रीज हे नुसतं कपाट. दार अजिबात उघडलं नाही तर खालच्या कप्प्यांतला गारवा साधारण 4 तास टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24. आमच्या फ्रीझरमध्ये होते मटार आणि बर्फाचा एक ट्रे.

उपाय सरळ आहे. फ्रीजचा पॉइंट पँट्रीच्या बाकीच्या लाइनपासून वेगळा करून घ्या, त्या स्विचवर लाल पट्टी मारा, आणि सिक्युरिटीला स्वतः जाऊन सांगा. मेल करू नका, मामांना मेल येत नाही. नाण्याची वाटी तेव्हापासून मी प्रत्येक ऑफिसात ठेवतो. मोबाइलवर तापमान दाखवणारे सेन्सरही मिळतात, पण त्यांचा सेल संपतो आणि तो बदलायचा कुणी हा प्रश्न पुन्हा रोस्टरवर येतो. तापमान बघायचंच असेल तर फ्रीजचा साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात उभा करून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. हवेत टांगला तर दार उघडताक्षणी आकडा चढतो आणि उगाच घबराट होते. सकाळी 5 अंशांच्या आत असेल तर ठीक.

आणि "गरम केलं की सगळं मरतं" हे डोक्यातून काढून टाका, विशेषतः भाताच्या बाबतीत. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष मायक्रोवेव्हच्या तीन मिनिटांना दाद देत नाही. बिर्याणी खाल्लेल्या त्या दोघांनीही ती वाफ येईपर्यंत गरम केली होती.

अख्खा डबा आत ढकलणं

चार पुडांचा डबा, वर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, चमचा, कधीकधी छत्रीसुद्धा. हे सगळं जसंच्या तसं फ्रीजमध्ये. दहा माणसांनी असं केलं की अकराव्याला जागा नाही, मग तो जोर लावतो आणि दार अर्धा इंच उघडं राहतं.

डबा उघडा. पोळ्या बाहेर राहू द्या. फ्रीजमध्ये पोळी उलट लवकर कडक होते, कारण शिजलेल्या पिठातला स्टार्च गारव्यात झपाट्याने घट्ट होतो. ब्रेडचंही तेच. लसणाची चटणी, लोणचं, चिवडा, लाडू यांना फ्रीजची गरजच नाही. केळं आत ठेवाल तर काळं पडेल. आत जायला हवं ते दही, ताक, कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, भात, अंडी, मासे-मटण आणि रस्सा. बहुतेकांच्या डब्यातला एक, फार तर दोन पूड. तेवढेच ठेवले तर चाळीस माणसांचं एका डबल डोअरमध्ये आरामात भागतं, हे मी भागवून बघितलंय. पण सकाळी साडेनऊला लॉगिनची घाई असते, डबा उघडायला तीस सेकंद लागतात, आणि ती तीस सेकंद कुणाकडे नसतात. कॉफी मशीनसमोर पंधरा मिनिटं असतात.

मागच्या भिंतीला जाळीसारखी छिद्रं दिसतात ना, त्यांना चिकटवून डबा ठेवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंड हवा फ्रीझरकडून पंख्याने त्या छिद्रांतून येते. तोंडाशीच डबा बसला की त्यातली काकडीची कोशिंबीर गोठते आणि खालच्या कप्प्यातलं दही आंबतं. मग दोघंही फ्रीज बिघडला म्हणून माझ्याकडे येतात.

घाई: नॉब आणि चाकू

कोल्ड्रिंक लवकर गार व्हावं म्हणून नॉब शेवटच्या आकड्यावर नेणारा एक वीर प्रत्येक ऑफिसात असतो. नॉब पिरगाळून फ्रीज जोरात पळत नाही. त्याने कुठे थांबायचं एवढंच ठरतं. बाटली तेवढ्याच वेळात गार होते, पण संध्याकाळी नॉब मागे घ्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि रात्रभर वरचा कप्पा गोठत राहतो. एका सहकाऱ्याचं इन्सुलिन असं गेलं. इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. ते एकदा गोठलं की वितळवून वापरता येत नाही, दिसायला ठीक असलं तरी फेकावंच लागतं. तेव्हापासून माझ्या ताब्यातल्या फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून लांब, झाकणाचा एक छोटा डबा फक्त औषधांसाठी असतो. दारात औषध नको, दार दिवसभर उघडझाप होतं. आणि नॉब मी चिकटपट्टी लावून बंद केलाय. हुकूमशाही म्हणा हवं तर.

जुन्या सिंगल डोअरमध्ये फ्रीझरला बर्फाची भिंत चढते, तिला चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावणं हा दुसरा पराक्रम. त्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या पत्र्यातच गॅसची नळी असते. टोक लागलं की फुस्स आवाज येतो आणि पुढचा खर्च नव्या फ्रीजच्या वळणावर जातो. वर आताच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन भरलेला असतो, जो ज्वलनशील आहे. सिंगल डोअरच्या नॉबच्या मध्येच डीफ्रॉस्टचं बटण दिलंय, ते शुक्रवारी संध्याकाळी दाबा, खाली फडकं ठेवा आणि घरी जा. अर्ध्या तासात बर्फ काढून दाखवतो म्हणणाऱ्याला फ्रीजपासून लांब ठेवा.

वास आला की शाकाहार-मांसाहार काढणं

सुकट आणि बोंबील बदनाम आहेत. पण मी आजवर फ्रीजमधून काढलेले सगळ्यात भयंकर वास होते चिरलेला कांदा, अर्धवट झाकलेला मुळा आणि तीन आठवड्यांची कोबीची भाजी. तिन्ही शुद्ध शाकाहारी. वास पदार्थाचा कमी आणि झाकणाचा जास्त असतो. रबराची कडा असलेलं, चार बाजूंनी लॉक होणारं झाकण वापरा, प्रश्न मिटतो. व्हेजसाठी वरचा कप्पा राखून ठेवायला माझी हरकत नाही, लोकांच्या श्रद्धा असतात, श्रावणात तर असू द्यावाच. खालून वर काही गळत नाही, त्यामुळे व्यवहारालाही ते बरं. पण कच्चं चिकन किंवा मासळी बाजारातून आणून संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवणं मला मान्य नाही. कुठल्याच कप्प्यात नाही, पिशवीत पिशवी घालूनही नाही.

खायच्या सोड्याची वाटी ठेवली की वास जातो, असं म्हणत एक वाटी ठेवून सहा महिने फ्रीज न पुसणारे लोक मी बघितलेत. वाटी शेवटी कुणाच्या तरी आमटीत उपडी होते. आधी कोपऱ्यातली कोबी काढा.

नाव नाही, तारीख नाही

स्टीलचे डबे सगळ्यांचे सारखेच. सेलोटेप ओलाव्यात सुटते. रंगकाम करताना लावतात ती कागदी चिकटपट्टी घ्या, बॉलपेननेसुद्धा तिच्यावर लिहिता येतं आणि धुताना निघून येते. पट्टीचं रीळ आणि पेन दोरीने फ्रीजच्या हँडललाच बांधा. ड्रॉवरमध्ये ठेवलंत तर पेन आठवडाभरही टिकणार नाही. नावापेक्षा तारीख महत्त्वाची. शिजवलेलं अन्न तीन दिवसांपलीकडे मी ठेवू देत नाही, मग ते कुणाच्याही आईने केलेलं असो.

पाट्यांवर माझा विश्वास नाही. 'कृपया दुसऱ्याचा डबा खाऊ नये', 'आपला डबा ही आपली जबाबदारी', लॅमिनेट केलेल्या, दोन भाषांत. पुण्यात पाटी वाचणं हा करमणुकीचा प्रकार आहे, तिच्याने कुणी सुधारत नाही. चालतं ते एवढंच: शुक्रवारी चार वाजता मी फ्रीजचं दार उघडं धरून उभा राहतो आणि एकेक डबा वर करून मोठ्याने विचारतो, "हे कुणाचं?" दोनदा. तिसऱ्यांदा विचारत नाही. आतलं कचऱ्यात, डबा घासून खिडकीत. पहिल्या शुक्रवारी लोक चिडतात. नंतर साडेतीनलाच फ्रीजसमोर रांग लागते.

बाकीच्या चुका एकेका ओळीत: दुधाची पिशवी कोपरा कापून तशीच उभी करू नका, पातेल्यात किंवा झाकणाच्या जगमध्ये ओता. भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचत असेल तर मागचं पाणी जायचं भोक तुंबलंय, स्ट्रॉने मोकळं करा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय. वीज गेली की दार उघडून 'अजून गार आहे का' बघत बसू नका. वाढदिवसाचा अर्धा केक खोक्यासकट आत ठेवू नका. तुकडे करून कागदी प्लेटमध्ये प्रिंटरजवळ मांडा, कंपनीची बस सुटायच्या आत संपतो.

दिवाळीच्या सुट्टीला मात्र फ्रीज खरंच बंद करावा. आदल्या दिवशी सगळं रिकामं करा, सॉसच्या अर्ध्या बाटल्यासुद्धा. कोमट पाण्यात थोडा सोडा घालून आतून पुसा, रबराच्या घड्यांत बोट घालून पुसा, कारण बुरशी तिथेच धरते. पिन काढा आणि दारात वर्तमानपत्राची जाड घडी अडकवून दार किलकिलं ठेवा. बंद दाराचा फ्रीज आठवड्याने उघडलात तर तो वास पुढे महिनाभर तुमच्या ताकाला येईल. आणि त्या दिवशी घरून येताना कुणीही चकल्यांबरोबर श्रीखंड आणू नका. ते उरतंच, आणि दरवर्षी कुणीतरी "राहू दे ना आत, परत आल्यावर खाऊ" म्हणतं.