एलईडी पेटवा आणि करंट मोजा: साधा विद्युत परिपथ कसा जोडावा

बॅटरीतून निघालेला करंट दिव्यापर्यंत जातो आणि तिथे वापरला जाऊन संपतो, असं बहुतेकांना वाटतं. हा गैरसमज फार चिवट आहे आणि नुसतं वाचून तो जात नाही. स्वतः मोजलं की जातो.

त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर बसणारी लाल-काळ्या वायरींची टोपी, दोन लाल एलईडी, ४७० ओहमचे दोन रोधक (म्हणजे रेझिस्टर; पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी), क्लिप लावलेल्या चार-पाच वायरी आणि एक मल्टिमीटर (करंट आणि व्होल्ट मोजणारा मीटर) घ्या. भिंतीतल्या सॉकेटचा यात काहीही संबंध नाही. तिथली वीज जीव घेऊ शकते, तिच्यावर प्रयोग कधीच करू नका.

आधी हिशोब करा. एलईडी थेट बॅटरीला जोडला तर क्षणात जळतो, कारण त्यातून जाणाऱ्या धारेला, म्हणजे करंटला, आवर घालणारं काही नसतं. ते काम रोधकाचं. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, म्हणजे रोधकाच्या वाट्याला ७ व्होल्ट येतात. ओहमचा नियम सांगतो की विभवांतराला (व्होल्ट) रोधाने (ओहम) भागलं की धारा मिळते. ७ भागिले ४७० म्हणजे ०.०१५ अँपिअर, अर्थात १५ मिलिअँपिअर. एलईडीला एवढी पुरते.

मग जोडा. बॅटरीची लाल वायर रोधकाच्या एका टोकाला लावा. रोधकाचं दुसरं टोक एलईडीच्या लांब पायाला आणि आखूड पाय काळ्या वायरीला जोडा. पेटला नाही तर एलईडी उलटा लागलाय का ते पाहा, मग क्लिपा नीट पकडल्यात का ते तपासा. बहुतेक वेळा घोळ या दोनपैकी एका ठिकाणी असतो.

आता मोजा. खरा प्रयोग इथे आहे, घाई करू नका. मल्टिमीटर डीसी करंटच्या २०० मिलिअँपिअर पल्ल्यावर ठेवा. धारा मोजायची तर परिपथ एका जागी तोडून त्या फटीत मीटर बसवावा लागतो, म्हणजे सगळी धारा मीटरमधून जाते. या स्थितीत प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) थेट बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आधी रोधकाच्या अलीकडे मोजा, मग रोधक आणि एलईडीच्या मध्ये, शेवटी एलईडीच्या पलीकडे. तिन्ही ठिकाणी आकडा एकच येतो. सायकलची साखळी आठवा: पेडल मारलं की सगळी साखळी एकदम सरकते, मागचं चाक ती खाऊन टाकत नाही, तिच्यातून फक्त ऊर्जा घेतं. वायरीतही इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेले असतात. ते स्वतः फार सावकाश, सेकंदाला मिलिमीटरहूनही कमी सरकतात, पण सगळीकडचे जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात. म्हणून दिवा लगेच लागतो.

मीटर डीसी व्होल्टवर फिरवा. आता परिपथ तोडायचा नाही, प्रोब नुसते दोन टोकांना टेकवा. एलईडीवर सुमारे २, रोधकावर सुमारे ७, आणि दोन्हींची बेरीज बॅटरीएवढी.

दुसरा एलईडी जोडा. त्याच रांगेत लावलात तर ती एकसर जोडणी. दोघे मिळून ४ व्होल्ट घेतात, रोधकाला ५ उरतात आणि धारा साधारण १०.६ मिलिअँपिअरवर येते. दोन्ही थोडे मंद दिसतील, आणि एकाची क्लिप काढली तर दुसराही विझेल.

तो वेगळ्या रोधकासह पहिल्या जोडीच्या शेजारी, त्याच लाल-काळ्या वायरींना लावलात तर ती समांतर जोडणी. एक काढला तरी दुसरा पेटलेलाच राहतो. घरातले दिवे याच कारणासाठी असे जोडतात. मीटर पुन्हा डीसी करंटच्या पल्ल्यावर आणा आणि प्रत्येक फांदीत लावून पाहा, १५ मिलिअँपिअरच्या आसपास दिसेल. मग बॅटरीलगतच्या वायरीत लावा. तिथे आकडा ३० जवळ येईल.