सर्वांत हलकं लिनक्स शोधत बसू नका: जुन्या संगणकासाठी डिस्ट्रो निवडताना होणाऱ्या चुका

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे २०१२ ते २०१७ मध्ये घेतलेले, अजून धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप आता अडकून पडले आहेत. मग लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव निघतं. तिच्या वेगवेगळ्या तयार रूपांना डिस्ट्रो म्हणतात. मग पहिला प्रश्न येतो, ‘सर्वांत हलकं कोणतं?’ पुढचा बराचसा मनस्ताप याच प्रश्नातून सुरू होतो.

४ जीबी रॅमच्या मशीनचा हिशोब पाहू. लिनक्स मिंट या डिस्ट्रोची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती चालू होऊन नुसती बसली, तर साधारण पाऊण ते एक जीबी रॅम घेते. सिनॅमन आवृत्ती त्याहून थोडी जास्त घेते. दोन्हींतला फरक काही शे एमबीचा. ब्राउझरमध्ये मेल, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप वेब एकदम उघडलं, की तेवढी रॅम केव्हाच गेलेली असते. म्हणजे मशीन दमतं ते ब्राउझरमुळे, आणि तो ब्राउझर प्रत्येक डिस्ट्रोवर तोच असतो.

शे-दोनशे एमबी वाचवण्यासाठी नवखा माणूस पपी किंवा अँटीएक्स या अतिहलक्या डिस्ट्रो टाकतो. दोन्ही उत्तम आहेत, पण त्यांची तऱ्हा वेगळी. पपी मुळातच रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार देऊन चालतं. पेनड्राइव्हवरून वापरलं, तर तुमचं काम एका सेव्ह फाइलमध्ये ठेवतं. हे माहीत नसेल, तर आठवड्याभरात ‘लिनक्स अवघड आहे’ असं म्हणून माणूस परत फिरतो. माझं मत सरळ आहे. रॅम ४ जीबी असेल तर मिंट एक्सएफसीई, ८ जीबी असेल तर मिंट सिनॅमन घ्या. २ जीबी असेल तर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स, आणि एका वेळी एक-दोनच टॅब. त्याहून कमी रॅम असेल, तर त्या मशीनकडून टायपिंग आणि गाण्यांपलीकडे अपेक्षा ठेवू नका.

३२-बिटचा घोळ

आपल्याकडे ही चूक फार होते. विंडोज ७ च्या काळात दुकानदार ६४-बिट प्रोसेसरवरही सर्रास ३२-बिट विंडोज टाकून द्यायचे. आता सिस्टीमच्या माहितीत ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम’ एवढंच वाचून लोक ३२-बिट लिनक्स शोधत हिंडतात. विंडोज १० असेल तर त्याच ओळीत पुढे ‘एक्स६४ प्रोसेसर’ असं लिहिलेलं आहे का ते बघा. असेल तर ६४-बिट डिस्ट्रोच घ्यायची. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे इंटेलचे जवळजवळ सगळे प्रोसेसर ६४-बिट आहेत. खरोखरच ३२-बिट असतात ते त्याआधीचे डेस्कटॉप आणि ॲटमवाले सुरुवातीचे नेटबुक.

अशा मशीनसाठी वाट आता अरुंद झाली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोला ३२-बिट इन्स्टॉलर नाही. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, आणि फायरफॉक्सची १४४ ही तिथली शेवटची नियमित आवृत्ती. बँकेची कामं अशा मशीनवर करू नयेत.

आवृत्ती निवडताना ‘एलटीएस’ (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घकाळ अपडेट) ही अक्षरं शोधा. उबुंटू या डिस्ट्रोच्या मधल्या आवृत्त्यांना जेमतेम ९ महिने अपडेट मिळतात. मिंट २२ उबुंटू २४.०४ एलटीएसवर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आणि हो, हॅकिंगचे व्हिडिओ पाहून रोजच्या कामासाठी काली ही सुरक्षा-चाचणीची डिस्ट्रो टाकणारी पोरं भेटतातच. काली बनवणारे स्वतः सांगतात की ते नवख्यांसाठी नाही. त्यांचं तरी ऐका.

डिस्ट्रोआधी डिस्क बदला

जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेक वेळा फिरत्या हार्डडिस्कमुळे. तशा डिस्कवर कुठलंही लिनक्स टाका, सुरू व्हायला वेळ घेणारच. २४० जीबीचा साधा साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवला, तर जो फरक पडतो तो कुठल्याही डिस्ट्रोने पडत नाही. शिवाय जुनी विंडोजची डिस्क फोटो-फाइलींसकट बाजूला काढून ठेवता येते. पार्टिशनची, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची, भानगडच उरत नाही. इन्स्टॉलरमध्ये ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय समोरच असतो आणि घाईत त्यावरच क्लिक होतं. पोरांचे बारशाचे फोटो असे गेलेले पाहिले आहेत. जुनी डिस्क मशीनमध्ये नसली, की ती भीती संपते.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचंच असेल, तर आधी बॅकअप घ्या आणि मग विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू राहिलं, तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. लिनक्सनंतर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे गेलं, तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं, की हा प्रश्न सुटतो.

पेनड्राइव्ह आणि पहिली चाचणी

डिस्ट्रोची फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि तिचा चेकसम (फाइल अस्सल आहे का ते पडताळायचा आकडा) जुळवा. हा सोपस्कार वाटत असेल, तर २० फेब्रुवारी २०१६ चा प्रकार लक्षात घ्या. त्या दिवशी मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडची लिंक चोरवाट असलेल्या फाइलकडे वळवली गेली.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरूच होत नसेल, तर रुफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टिशनचा प्रकार तपासा. जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) मशीनला तिथला एमबीआर हा प्रकार लागतो, जीपीटी चालत नाही. बूटचा मेनू डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच मशीनवर एफ१२ ने, तर एचपीवर एफ९ ने येतो.

पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स संथच असतं, त्यावरून वेगाचा निवाडा करू नका. तिथे तपासायचं ते वेगळं: वायफाय, आवाज, टचपॅड, वेबकॅम, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच ओळखले जातात. आपल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत जागोजाग दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाच्या खास ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो बसवणं नवख्याच्या आवाक्यातलं काम नाही. रोज प्रिंट काढणाऱ्याने हे इन्स्टॉल करण्याआधीच बघावं.

आता नेहमीच्या अडचणी. सुरू होताना पडदा काळाच राहिला, तर मिंटच्या बूट मेनूतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडा. जुन्या एनव्हिडिया कार्डांवर हे हमखास लागतं. वायफाय दिसत नसेल आणि चिप ब्रॉडकॉमची असेल, तर ड्रायव्हरसाठी नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर, असा पेच पडतो. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (केबलवरून फोनचं नेट देणं) चालू करा आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. बहुतेकांचं काम इथेच होतं. प्रत्येक साइट ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणत असेल किंवा अपडेट नाकारले जात असतील, तर आधी तारीख पाहा. दहा-बारा वर्षांच्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो आणि बंद केल्यावर घड्याळ भलत्याच वर्षात जातं. सेल किरकोळ किमतीत मिळतो. त्याच्यापायी दोन-तीन डिस्ट्रो बदलून पाहणारे लोक आहेत.

मराठीसाठी फार काही करावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट मिळतो. रोमन अक्षरांतून टाइप करायची सवय असेल, तर आयबस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एम१७एन हा जोड-भाग बसवा. लोहित किंवा नोटो देवनागरी फाँट टाकले, की युनिकोड मजकूर नीट दिसतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फाइली मात्र फाँट नसेल तर अगम्य दिसतात. जुना फाँट आणून टाकला तर वाचता येतात, पण त्या पद्धतीने टाइप करणारं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे.

हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीही विंडोजसाठीच बनलेलं आहे. ज्या संगणकावर दुकानाचे हिशेब टॅलीत आहेत किंवा ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन लावलं जातं, तो लिनक्सवर नेऊ नका. घरातला दुसरा, पोरांच्या अभ्यासाचा लॅपटॉप आधी घ्या.