अर्ज टाकण्याआधी एक रविवार काढा

१४ वर्षं मी अंधेरी एमआयडीसीत भरतीचं काम करते. बायोडाटा आवडला की मुलाखतीआधी त्या माणसाचं नाव इंटरनेटवर, सोशल मीडियावर शोधून बघणं आता अंगवळणी पडलंय. गोव्याचे फोटो, वरातीतला नाच यांची मुलांना उगाच धास्ती असते. तिकडे कोणी फारसं बघत नाही. घात करतात त्या कमेंट.

गेल्या वर्षी भांडुपचा एक मुलगा टीम लीडरच्या जागेसाठी आला होता. दोन्ही फेऱ्या छान झाल्या, पगाराचंही ठरत आलं होतं. तेवढ्यात आमच्या मॅनेजरनी मोबाइल माझ्यासमोर धरला. लोकलमधून पडून गेलेल्या एका माणसाच्या बातमीखाली या मुलाने सहा वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ‘गावाकडून येऊन गर्दी करतात, मरू देत.’ बाजूला त्याचाच हसरा फोटो. आमचे निम्मे ग्राहक गावाकडचे. फाइल तिथेच बंद झाली. त्याला नेहमीचं छापील उत्तर गेलं, नकाराचं खरं कारण मात्र कोणीच कळवलं नाही. ते मला अजून खातं, म्हणून हे लिहितेय.

माझ्या भाच्याला घेऊन मी एका रविवारी बसले होते. तुम्हीही तसंच करा. ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो (म्हणजे आपलं लॉगिन नसलेली खासगी खिडकी) उघडा आणि आपलं नाव मराठीत आणि इंग्रजीत, आडनावाच्या सगळ्या स्पेलिंगनी शोधा. फेसबुकवर जुन्या पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करता येतात. पण बरेचजण इथेच फसतात: दुसऱ्यांच्या पानावर, बातम्यांखाली केलेल्या कमेंट त्यात येत नाहीत. त्यासाठी ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये जाऊन वर्षावार बघायचं आणि नको ते काढून टाकायचं. एक्सवर शोधपट्टीत ‘फ्रॉम’, पुढे कोलन आणि आपलं हँडल (तिथलं वापरनाव), मग ‘अनटिल’, कोलन आणि तारीख असं इंग्रजीत टाकलं की त्या तारखेआधीच्या आपल्या पोस्ट समोर येतात. भाच्याला त्याचं कॉलेजातलं एक वाक्य सापडलं. बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, “मावशी, हे मी लिहिलंय?”

लाइकही बघा. २०१२ साली पालघरला एका मुलीने फेसबुकवर मुंबई बंदबद्दल लिहिलं, दुसरीने ते नुसतं लाइक केलं, तर दोघींना अटक झाली. ज्या कलमाखाली असे गुन्हे लागत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. पण नकार द्यायला कंपनीला कुठलं कलम लागत नाही.

म्हणून मतंच मांडू नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. खड्ड्यांवर लिहा, भाडेवाढीवर लिहा, राजकारणावरही लिहा. माणसाला हिणवू नका, एवढंच. आणि ऑफिसातला राग व्हॉट्सॲप स्टेटसला लावू नका. आधीच्या एका नोकरीत मी साहेबांबद्दल दोन ओळी टाकल्या होत्या. स्टेटस कोणाला दिसेल त्या यादीतून साहेबांना वगळलं होतं, तरी दुपारच्या चहापर्यंत स्क्रीनशॉट त्यांच्याकडे पोहोचला. त्या वर्षीची बढती गेली.

नव्या नोकरीचं पत्र, ओळखपत्राचा बारकोड, मागे क्लायंटचं नाव लिहिलेला फळा, असले फोटो टाकू नका. हे सांगायला लागू नये, पण दर महिन्याला दिसतं.

उलट आपलं काम मात्र जरूर दाखवा. ठाण्याचा एक लिफ्ट दुरुस्त करणारा तंत्रज्ञ लिंक्डइनवर साध्या मराठीत लिहायचा: आज काय बिघाड होता, कसा सापडला. चार ओळी आणि स्वतः काढलेला एक फोटो. आमच्या इमारतींच्या देखभालीसाठी माणूस हवा होता तेव्हा मीच त्याला फोन केला. नोकरी शोधताय हे लिंक्डइनवर फक्त रिक्रूटरना दिसेल, असंही ठेवता येतं. मात्र तुमच्या सध्याच्या कंपनीला ते कळणारच नाही याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही, तेव्हा ते बटण विचार करून दाबा.