प्युरिटनांचे शोकाचे कागद वाचायला बसताना

सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडवर (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इंग्रज वसाहती), तिथल्या प्युरिटनांवर म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंटांवर, प्रबंधाचं काम सुरू करताय, तर एक गोंधळ आधी मिटवा. १६२० मध्ये प्लिमथला वसलेले इंग्लंडच्या चर्चपासून फारकत घेतलेले. १६३० मध्ये गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपबरोबर मॅसॅच्युसेट्सला आलेले त्याच चर्चची शुद्धी करू पाहणारे. दोघांना एकाच पोत्यात भरलंत तर परीक्षक पुढचं वाचणार नाही.

खरा सापळा पुढे आहे. 'देवाची इच्छा' हे शब्द दिसले की 'श्रद्धेमुळे त्यांनी दुःख शांतपणे सोसलं' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. लिहू नका! मॅसॅच्युसेट्सची प्युरिटन कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट हिचं घर १० जुलै १६६६ च्या रात्री जळालं. त्यावरची तिची कविता घ्या, ओळींना क्रमांक घाला. देणाऱ्या-नेणाऱ्या देवाचा धन्यवाद चौदाव्या ओळीतच येतो, तोही बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या शब्दांत. विसाव्या ओळीपर्यंत 'सगळं त्याचंच होतं' ही समजूत पटलेली असते. पण एकविसाव्या ओळीत ती जळक्या अवशेषांवरून जाते आणि ट्रंक कुठे होती, पेटी कुठे होती ते आठवू लागते. या छपराखाली आता पाहुणा जेवणार नाही, मेणबत्ती लागणार नाही. मग ती आपल्याच मनाला दटावते. आधी स्वीकार, मग शोक, मग पुन्हा समजूत. हा क्रम हुकला की सगळा निष्कर्ष हुकतो. म्हणूनच निवडक वेच्यांच्या संग्रहावर विसंबू नका. मधल्या ओळी गळल्या की सगळी माणसं संत वाटतात.

प्युरिटनांच्या मते तारण (पापातून कायमची सुटका) कोणाचं, हे देवाने आधीच ठरवलेलं, आणि ते खात्रीने कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे आग असो, मूल दगावणं असो, प्रत्येक घटना खूण म्हणून तपासली जाई. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला शिक्षा करतो (बायबल, इब्री १२:६), यात दिलासाही होता आणि धास्तीही. आपल्याकडचं प्रारब्ध इथे लावू नका, मागच्या जन्माचा हिशेब यात नाही. दुःख आलं की करायचं काय, हे मात्र नेमलेलं होतं: आत्मपरीक्षण, उपास, स्तोत्रं, रोजनिशी.

जुन्या स्पेलिंगला घाबरू नका, मोठ्याने वाचलं की कळतं. किंग जेम्स बायबल (१६११ चं इंग्रजी भाषांतर) शेजारी ठेवा. मूळ कागद उघडण्याआधी सिद्धान्ताचं प्रकरण मागणारे मार्गदर्शक भेटतात. त्यांना थोडं थांबवा.

तारखा तपासा. नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून मूलनिवासींच्या कैदेत सापडलेली मेरी रोलँडसन आपल्या आठवणींत लँकेस्टर या तिच्या गावावरचा त्यांचा हल्ला फेब्रुवारी १६७५ चा सांगते; आजच्या हिशेबाने ते १६७६. तिची सहा वर्षांची जखमी मुलगी नवव्या दिवशी गेली. लुटीत आलेलं बायबल एका मूलनिवासी माणसाने तिला दिलं आणि कैदेत ती तेच वाचत राहिली. तरी सुटून आल्यावरही रात्री झोप लागत नाही, असं तिनेच शेवटी लिहिलंय. तीच पानं दुसऱ्यांदा वाचा, या वेळी मूलनिवासींच्या भुकेसाठी: जमिनीतले कंद, उकळलेली जुनी हाडं. आपल्या लोकांना शासन करायला देवाने शत्रूला जगवलं, एवढाच अर्थ ती त्यातून काढते. यावर वेगळं टिपण ठेवा.