"नाटक कवा सुरू होते जी?"

आमच्या प्रायोगिक नाटकाचा प्रयोग संपला. आमचे तिघं नट पुढं येऊन वाकले, हात जोडले. समोर शाळेच्या पटांगणात दीडेकशे माणसं, स्वेटर-चादरी घेऊन बसलेली. कोणी हललं नाही. टाळी नाही, उठाउठ नाही. मला वाटलं, अंगावर काटा आलाय लोकांच्या. अर्धा मिनिट मी त्या शांततेवर जाम खूश होते. मग पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "नाटक कवा सुरू होते जी?"

गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं, डिसेंबर संपत आलेला. आमचा प्रयोग ४५ मिनिटांचा. नेपथ्य नाही, पडदा नाही, गाणं नाही. धान खरेदी केंद्रावर नंबर लागायची वाट बघणारे तिघे, आठ-दहा कट्टे, म्हणजे धानाची पोती, आणि एक दोर. संवाद मोजून दोन पानं. नागपुरात हाच प्रयोग आम्ही एका छोट्या हॉलमध्ये केला होता आणि नंतर तासभर चर्चा रंगली होती. या गावातली माणसं मात्र रात्र काढायच्या तयारीनं आली होती. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, नाटक म्हणजे रात्री जेवणं आटोपल्यावर सुरू होणार आणि उजाडायला संपणार. त्यात गाणी, विनोद, रडारड, मारामारी, सगळं. आमचे ४५ मिनिट त्यांना सुरुवातीचा एखादा प्रवेश वाटले, यात त्यांचं काय चुकलं?

नव्यानं गावात प्रायोगिक नाटक घेऊन जाणाऱ्यांना पहिली गोष्ट हीच सांगेन. पूर्व विदर्भात तुम्ही नाटक न पाहिलेल्या माणसांपुढं उभे नसता. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्तानं गावोगाव नाटकं होतात, लोक तिकीट काढून बघतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथं नाटकं बुक होतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. समोरच्या आजीनं माझ्यापेक्षा किती तरी जास्त नाटकं बघितलेली असणार. १९४७ मध्ये एडिंबरोच्या मोठ्या महोत्सवाला आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना जाऊन धडकल्या, त्यातून 'फ्रिंज', म्हणजे कडेचा महोत्सव, निघालं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. ते शिकताना मी स्वतःला त्या आठांत मोजत होते खरी, पण बिनबोलावता जाणं म्हणजे काय ते त्या पटांगणात कळलं. तिथं मुख्य रंगभूमी त्यांची होती. कडेला आम्ही होतो.

आता हसण्याबद्दल. आमच्या प्रयोगात एक जागा होती, म्हातारा शेतकरी तिसऱ्यांदा नंबर हुकल्यावर कट्टा उचलून परत निघतो. नागपुरात तिथं सुन्न शांतता. इथं मागच्या बाजूनं हशा पिकला, बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. आमचा नट एवढा बिथरला की पुढची दोन वाक्यं खाऊन बसला. रात्री आम्ही ठरवून टाकलं की लोकांना कळलं नाही, तयारी नाही त्यांची, वगैरे. हे निदान फार सोयीचं असतं. त्यात आपल्याला काहीच बदलावं लागत नाही.

सकाळी पानठेल्यावर खरं कारण निघालं. आमच्या कट्ट्यांत तणीस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, भरलेली होती. धानाचा भरलेला कट्टा ४० किलोचा. साठीचा माणूस तो एका हातानं, मान वर करून, दु:खी चेहऱ्यानं उचलतो म्हटल्यावर ज्यानं जन्मभर कट्टे वाहिले तो हसणार नाही तर काय करणार! पानठेल्यावरच्या एका काकांनी मला रस्त्यातच करून दाखवलं. आधी गुडघे वाकवले, कट्टा मांडीवर घेतल्यासारखं केलं, तिथं एक श्वास थांबले, मग कमरेतून झटका देऊन पाठीवर. तो मधला श्वास आमच्या तालमीत कधी आलाच नव्हता. वर म्हणाले, "आन कट्टे भुईवर काहून ठेवले बाप्पा? खाली लाकडं टाका. ओल लागते ना धानाले." दिग्दर्शन, नेपथ्य, अभिनय, तिन्हींची परीक्षा दोन मिनिटांत झाली आणि आम्ही तिन्हींत नापास.

म्हणून हशा आला की आधी बघा, कुणाला आला आणि नेमका कोणत्या क्षणी. आम्ही आता एक जण लोकांत बसवतो. तो नट नाही, दिग्दर्शक तर मुळीच नाही. त्यानं वहीत फक्त वेळ आणि काय झालं ते लिहायचं: "विसाव्या मिनिटाला डावीकडच्या बायका हसल्या", "पोरगं झोपलं, आई उठली". अर्थ लावायचा नाही. अर्थ लावायची घाई आम्हा नाटकवाल्यांना फार असते.

उठून जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. आठ वाजता सुरू केलंत तर स्वयंपाक-जेवणं आडवी येतात, आणि शेजारच्या गावात मोठं नाटक असेल तर तुमचं पटांगण रिकामं होणारच. धान कापणी-चुरणीच्या (मळणीच्या) दिवसांत तर जाऊच नका, माणूस थकून पडलेला असतो. यातलं काहीही तुमच्या कलेवरचं मत नसतं, उगाच मनाला लावून घेऊ नका. कागदपत्रांचंही इथंच सांगते: संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्र घ्या आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवा. रात्री दहानंतर माईक लावायचा तर परवानगीचं आधीच बघा. आम्ही माईक वापरतच नाही, त्यामुळं मागच्यांना ऐकू जात नाही ही तक्रार कायमची.

अभिप्राय कसा घ्यायचा? प्रयोग संपल्या संपल्या "कसं वाटलं?" विचारू नका. उत्तर "मस्त होतं जी" एवढंच मिळतं, कारण तुम्ही पाहुणे आहात आणि पाहुण्याला कोणी वाईट बोलत नाही. त्या रात्री गावातल्या एका प्रतिष्ठितांनी माईकशिवाय दहा मिनिटं आमचं कौतुक केलं. त्यांना प्रयोगातलं एकही दृश्य आठवत नव्हतं, कारण ते शेवटी आले होते. मुक्काम करा. सकाळी चहाच्या टपरीवर, बोअरिंगवर, ओट्यावर बसा आणि प्रश्न उलटा टाका: "रात्री मी मागं होते, मला दिसलं नाही, काय झालं त्यात?" मग माणूस गोष्ट सांगायला लागतो. जे सांगतो ते पोचलं, जे गाळतो ते आपण घरी येऊन परत बघायचं. आमचा शेवटचा मूक प्रवेश, ज्यावर आम्ही पंधरा दिवस घासलो होतो, तो एकानंही सांगितला नाही.

बायकांचं बोलणं ऐकायचं तर तुमच्यात बाई हवी. पुरुष नटांसमोर कोणी तोंड उघडत नाही. मला भांडी घासता घासता एकीनं विचारलं, "तीन मानसं नंबर लावून बसले, त्याइच्या घरी भात कोनं रांधला?" आमच्या नाटकात बाईच नव्हती. तालमीत हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता, मलासुद्धा नाही. नंतर लाज वाटली.

आणि पोरं. सकाळी शाळेसमोर चार पोरं आमचंच नाटक खेळत होती. एक जण टेबलामागं बसल्यासारखा बसून न बघताच "उद्या या" म्हणत होता आणि बाकीचे लोळण घेऊन हसत होते. तो "उद्या या" आमच्या संहितेत एकदाच होता. आता सात वेळा आहे.

पुढच्या हिवाळ्यात त्याच गावात परत गेलो. कट्ट्यांत खरं धान, खाली लाकडं, आणि मी स्वतः चौथं पात्र म्हणून, डबा घेऊन आलेली बायको. म्हातारा कट्टा मांडीवर घेऊन श्वासासाठी थांबला तेव्हा कोणी हसलं नाही. मधूनच एक माणूस उठला, सरळ आमच्या जागेत आला, नटाच्या खिशात पन्नासाची नोट कोंबली आणि परत जाऊन बसला. आमच्या नटाची पाठ त्या रात्री धरली ती आठवडाभर सुटली नाही.

सकाळी पानठेल्यावरचे काका भेटले. म्हणाले, "आता कट्टा बरोबर उचलला पोरानं. पन एक गानं पाह्यजे होतं ना जी." गाण्यावरून आमच्यात अजून भांडण चालू आहे.