अमेरिकेतल्या गावोगावच्या बँकांच्या जुन्या नोटा जमवायच्यात? आधी गाव बघा

जितकी जुनी नोट तितकी महाग, हे डोक्यातून आधी काढून टाका, निदान या प्रकारात तरी. अमेरिकेत १८६३ ते १९३५ पर्यंत नॅशनल बँका, म्हणजे केंद्र सरकारच्या परवान्यावर चालणाऱ्या गावोगावच्या खासगी बँका, आपल्या नावाच्या नोटा काढायच्या, म्हणजे बँकेने सरकारी बाँड घेऊन ट्रेझरीकडे, म्हणजे सरकारी खजिन्याकडे ठेवायचे आणि सरकारने त्या बदल्यात बँकेचं आणि गावाचं नाव छापलेल्या नोटा द्यायच्या, असा तो व्यवहार. १४ हजारांहून जास्त बँकांना चार्टर, म्हणजे हा परवाना, मिळाला आणि प्रत्येकाला आपला नंबर होता. त्यामुळे होतं काय की न्यूयॉर्कच्या एखाद्या मोठ्या बँकेची १९०२ सिरीजची मोठ्या आकाराची नोट आरामात मिळून जाते आणि कुठल्यातरी आडगावच्या, दोन-तीन वर्षांत गुंडाळलेल्या बँकेची १९२९ची साधी १० डॉलरची नोट वर्षानुवर्षं शोधली तरी दिसत नाही.

सुरुवात १९२९ सिरीजपासून करा. आकार लहान, आत्ताच्या डॉलरसारखा, शिक्का तपकिरी, आणि ५ ते १०० डॉलरच्या नोटा मिळतात. यात दोन टाईप आहेत. टाईप १ मध्ये चार्टर नंबर फक्त काळ्या शाईत दोन्ही बाजूंना असतो, टाईप २ मध्ये तोच नंबर सिरीयल नंबरशेजारी तपकिरी शाईत परत छापलेला असतो. एकाच बँकेचा एक टाईप ढिगाने आणि दुसरा दुर्मिळ असं होऊ शकतं, म्हणून घेताना हे बघाच.

आता नवखे हमखास फसतात ती जागा. १९२९चीच, तपकिरी शिक्क्याचीच, वर नॅशनल करन्सी लिहिलेली अजून एक नोट असते, फेडरल रिझर्व्ह बँक नोट. मीपण पहिली खरेदी हीच केली होती आणि आठवडाभर खुशीत होतो 😅 तिच्यावर गावातल्या बँकेचं नाव नसतं, फेडरल रिझर्व्ह बँकेचं, म्हणजे तिकडच्या मध्यवर्ती बँकेच्या विभागीय बँकेचं असतं, आणि चार्टर नंबरच्या जागी इंग्रजी अक्षर असतं.

चार्टर नंबरला इतकं महत्त्व का, तर फर्स्ट नॅशनल बँक हे नाव तिकडे शेकड्याने सापडतं आणि स्प्रिंगफिल्ड नावाची गावं तर विचारूच नका. नंबर मात्र प्रत्येक बँकेचा वेगळा, १ नंबर फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनलचा. फक्त १८७४च्या आधीच्या नोटांवर हा नंबर नसायचा, तिथे गाव आणि राज्य नीट वाचावं लागतं. नंबर कळला की त्या बँकेच्या किती नोटा आजवर नोंदल्या गेल्यात ते शोधा, सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्स ही १९६१पासूनची संस्था आहे, तिथली मंडळी या नोंदींच्या मागे वेड्यासारखी लागलेली असतात. नोंदीत तीन-चारच नोटा असतील तर मळकी, घडी पडलेली नोटसुद्धा सोडू नका. मोठ्या शहरातल्या बँकेची असेल तर मात्र कंडिशनवर अडून बसा, घाई कसली.

मोठ्या आकाराच्या नोटांवर कॅशियर आणि प्रेसिडेंटच्या सह्या पेनने नाहीतर रबर स्टॅम्पने केलेल्या असायच्या, त्या उडून जातात आणि मग कोणीतरी हुशार माणूस त्या नव्याने गिरवतो. भिंग घेऊन बघा. नोट उजेडासमोर धरा, जोडलेली फाट आणि बुजवलेलं टाचणीचं भोक लगेच दिसतं. धुतलेली नोट अल्ट्राव्हायोलेट लाईटखाली बऱ्याचदा पांढरी चमकते. आणि हो, बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची १००० डॉलरची, ८८९४ नंबरची पिवळट कडक नोट कोणी दाखवली तर हसून परत द्या, ती शोभेची कॉपी आहे, ढिगाने छापलेली.

ठेवायला मायलारची (पॉलिएस्टर प्लास्टिकची) पाकिटं घ्या, पीव्हीसीची नकोत, ती कालांतराने कागदाला चिकटतात. लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री यातलं काहीही करायचं नाही, फाटली असेल तर फाटकीच राहू द्या.